‘रिपोर्ट नॉर्मल’ आले, तरी भीती का जात नाही?

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचं कारण नाही.’ डॉक्टरांचं हे वाक्य ऐकलं की बहुतेकांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. फाईल कपाटात जाते आणि विषय संपतो. काही जणांच्या बाबतीत मात्र तो विषय दोन-चार दिवसांत पुन्हा उघडतो. ‘रक्ताची बाटली बदलली तर नसेल?’, ‘सोनोग्राफीत बारीक गाठ दिसत नाही म्हणतात’, ‘डॉक्टर घाईत होते, मला नीट सांगताच आलं नाही.’ मग दुसरा डॉक्टर, दुसरी लॅब, पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा चार दिवसांची शांतता.

रत्नागिरी जिल्ह्यात या फेऱ्यांचा एक ठरलेला मार्ग दिसतो. आधी तालुक्याचं गाव, मग रत्नागिरी, मग आंबा घाट चढून कोल्हापूर आणि शेवटी कोकण रेल्वेने मुंबई. एक प्रातिनिधिक चित्र पाहू. ते कुणा एका माणसाचं नाही, अशा अनेक घरांतल्या गोष्टींतून जुळवलेलं आहे. पंचेचाळिशीचे गृहस्थ, थोडी कलमं, छोटं दुकान. वाडीतला समवयस्क माणूस हृदयविकाराने अचानक गेला आणि तेव्हापासून यांचा हात छातीवरून हलेना. ईसीजी झाला, टूडी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली. सगळं उत्तम. वर्षभराने हृदयाची भीती ओसरली आणि मानेतल्या गाठीची सुरू झाली. आता दिवसातून वीस वेळा बायकोला हाक जाते, ‘अगं, बघ ना जरा, वाढल्यासारखी वाटतेय का?’ ‘अहो, सकाळीच तर बघितली. काही नाही वाढलेली.’ दहा मिनिटं बरी जातात. मग पुन्हा हाक.

घरचे दोन टोकांमध्ये हेलकावत राहतात. कधी प्रेमाने समजूत घालायची, कधी वैतागून ‘तुम्हाला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ आहेत’ म्हणायचं. दोन्ही उपाय फसतात. ते का फसतात हे कळलं की उपचाराची दिशाही कळते.

हा आजार मंत्रचळाच्या कुटुंबातला

या अवस्थेला मराठीत आरोग्यचिंता म्हणता येईल. वैद्यकात तिचं जुनं नाव ‘हायपोकॉन्ड्रिया’. त्या शब्दाला पुढे टिंगलीचा वास आला. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने, म्हणजे डीएसएम-५ने, तो काढून टाकला. त्याऐवजी ‘इलनेस अँक्झायटी डिसऑर्डर’ आणि ‘सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर’ अशी दोन निदानं आली. पहिल्यात लक्षणं जवळजवळ नसतात, पण आजाराची धास्ती मोठी असते. दुसऱ्यात त्रासदायक लक्षणं असतात आणि त्यांच्याभोवती विचार अतोनात फिरत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणाने, जे २०२२ पासून लागू झालं, आणखी अर्थपूर्ण बदल केला. तिथे हा आजार ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, त्याच्या गटात ठेवला आहे. ज्यांनी मंत्रचळ जवळून पाहिलाय त्यांना यातलं साम्य लगेच कळेल. दाराला कुलूप नीट लागलंय ना, हे पुन्हा पुन्हा पाहणारा माणूस आणि गाठ वाढली नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस एकाच चक्रात अडकलेले असतात. शंका येते, जीव घाबरतो, खात्री करून घेतली की सुटका वाटते आणि थोड्या वेळाने शंका पुन्हा उभी राहते.

हा आजार दुर्मीळही नाही. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या हृदयविकार, पोटविकार, मेंदूविकार अशा बाह्यरुग्ण विभागांत प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा सुमारे पाचातल्या एका रुग्णात लक्षणीय आरोग्यचिंता आढळली. हा आजार निरुपद्रवीही नाही. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या चार हजारांहून अधिक लोकांची तुलना इतरांशी केली गेली. २०२३ च्या अखेरीस आलेल्या त्या अभ्यासात या लोकांचा मृत्यू सरासरी पाच वर्षं लवकर झाल्याचं आणि आत्महत्येचा धोका सुमारे चौपट असल्याचं दिसलं. मरणाची सतत धास्ती घेणाऱ्याला ‘नाटकं’ म्हणून उडवून लावणं किती महागात पडू शकतं, ते या आकड्यांवरून कळावं.

शंकाविष आणि दिलाशाची मुदत

शंकेने शरीर खरोखर बिघडतं, हे आपल्याकडे फार पूर्वी नोंदवलेलं आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानातल्या विषचिकित्सेच्या अध्यायात ‘शंकाविष’ वर्णिलं आहे. काळोखात काहीतरी टोचतं, माणसाला साप चावल्याची शंका येते आणि विष नसतानाही ताप, ओकारी, मूर्च्छा, दाह अशी लक्षणं दिसू लागतात. त्यावर सांगितलेल्या उपचारात औषधांबरोबर धीर देणं हाही भाग आहे. पावसाळ्यात तिन्हीसांजेला बांधावरून घरी येणाऱ्या कोकणी माणसाला हे वर्णन परकं वाटणार नाही. सर्पदंशाची शंका आली तर आज आधी दवाखानाच गाठायचा. पण तपासून दंश नाही असं ठरल्यावर दिलेला धीर लागू पडतो, कारण तिथे भीती एका प्रसंगाची असते. प्रसंग सरला की तीही सरते.

आरोग्यचिंतेत भीती प्रसंगाची नसते. ‘मला शंभर टक्के खात्री हवी’ या मागणीतून ती येते आणि शरीराबाबत तशी खात्री जगातला कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. गावात देवाला कौल लावला आणि उजवा मिळाला की लोक कामाला लागतात. इथे उजवा कौल मिळाल्यावरही मन म्हणतं, ‘आणखी एकदा लावून बघू.’

दिलाशाचा परिणाम किती टिकतो, हे ब्रिटनमधल्या एका साध्या अभ्यासाने मोजलं. पोटाच्या तक्रारींसाठी दुर्बिणीतून तपासणी झालेल्या आणि ‘गंभीर काही नाही’ असं सांगितलेल्या रुग्णांना त्यांची काळजी वेळोवेळी विचारली गेली. १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. ज्यांची आरोग्यचिंता मुळात कमी होती त्यांचा दिलासा टिकला. ज्यांची जास्त होती त्यांची काळजीही तपासणीनंतर लगेच कमी झाली, पण चोवीस तासांत ती पुन्हा वर येऊ लागली आणि वर्षभराने विचारलं तेव्हाही तशीच होती.

याचं कारण मेंदूच्या शिकण्यात आहे. शंका आली, विचारलं, बरं वाटलं. या प्रत्येक फेरीत मेंदू दोन गोष्टी शिकतो. एक, धोका खरा होता, विचारलं म्हणून वाचलो. दोन, ही घालमेल मला एकट्याला सोसणार नाही. न विचारताही भीती आपोआप ओसरते, हे शिकण्याची संधी त्याला मिळतच नाही. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस आणि मनोविकारतज्ज्ञ हिलरी वॉरविक यांनी हेच मांडलं. दिलासा मागत राहणं हे या आजाराचं नुसतं लक्षण नाही, आजार जिवंत ठेवणारं इंधनही तेच आहे. आजच्या उपचारांचा पाया त्या मांडणीत आहे.

यात शरीरही भर घालतं. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं. त्यामुळे छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा येतो. ही लक्षणं खरी असतात, फक्त त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दाबली की ती दुखू लागते, आजूबाजूची जागा हुळहुळी होते आणि ‘बघा, वाढलीच’ असा पुरावा हाती येतो.

आणखी एक तपासणी करूनच टाकू?

‘एकदा फुल बॉडी चेकअप करून टाका, म्हणजे मनाची शांती’ हा सल्ला सगळ्यात सोपा वाटतो. त्यामागचं गणित मात्र उलटं आहे. बहुतेक रक्तचाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखतात की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे शंभर ठणठणीत माणसांपैकी पाचांचा आकडा मर्यादेबाहेर जाणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचा किमान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. रिपोर्टवर तो ठळक अक्षरांत छापून येतो आणि आरोग्यचिंता असलेल्या माणसाला पुढच्या सहा महिन्यांचं खाद्य मिळतं.

स्कॅनचंही तसंच. पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या स्कॅनवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसली. केस पिकावेत तशी ही झीज, पण रिपोर्टच्या भाषेत ती आजारासारखी वाचली जाते. गंभीर आजाराची शक्यता कमी असताना केलेल्या चाचण्यांनी रुग्णांची काळजी खरंच कमी होते का, हे २०१३ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं. टिकाऊ असा फरक जवळजवळ आढळला नाही.

चाचण्या वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांनी तपासून, वैद्यकीय कारण सांगून लिहिलेली चाचणी करायलाच हवी. केवळ भीती शमावी म्हणून केलेली चाचणी मात्र ते काम करत नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणं शोधणं किंवा चॅटबॉटला तोच प्रश्न दहा प्रकारे विचारणं, ही त्याच सवयीची स्वस्त आणि म्हणून जास्त चिवट रूपं.

उपचार कसा होतो

सर्वाधिक पुरावा असलेला उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, अर्थात सीबीटी. तिची सुरुवात ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ या वाक्याने होत नाही. थेरपिस्ट दोन शक्यता कागदावर मांडतो. पहिली, तुम्हाला निदान न झालेला गंभीर आजार आहे. दुसरी, तुम्हाला गंभीर आजाराची भीती वाटण्याचा त्रास आहे. आजवर पहिली शक्यता धरून तुम्ही किती फेऱ्या केल्या, किती पैसे घातले, त्याने त्रास किती कमी झाला? मग काही आठवडे दुसरी शक्यता धरून वागून बघायचं का? रुग्णाने विश्वास ठेवावा अशी अट नसते. त्याने करून बघावं, एवढंच.

मग छोटे प्रयोग सुरू होतात. पाच मिनिटं सगळं लक्ष घशावर ठेवायचं आणि घशात काय काय जाणवायला लागतं ते लिहायचं. लक्ष दिल्यानेच संवेदना वाढते, हे व्याख्यानाशिवाय पटतं. गाठ किती वेळा दाबली ते दिवसभर मोजायचं, मग आकडा हळूहळू खाली आणायचा. ‘विचारावंसं वाटतंय’ ही कळ आली की आधी पंधरा मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात तासभर, मग दुसऱ्या दिवसापर्यंत. भीती चढते, टोकाला जाते आणि कुणी काही न सांगताही उतरते, हे अनुभवणं हाच इथला डोस. टाळलेल्या गोष्टींकडेही परत जायचं असतं. वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान, आजारी नातलगाची भेट, चढाची वाट.

हे किती लागू पडतं? इंग्लंडमध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांनी ४४४ रुग्णांवर केलेली मोठी चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. पाच ते दहा सत्रांच्या या थेरपीने आरोग्यचिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि फायदा दोन वर्षांनंतरही टिकला. चिंता अगदी सामान्य पातळीवर आलेल्यांचं प्रमाण मात्र वर्षभराने सुमारे १४ टक्के होतं, नेहमीच्या उपचारांत ७ टक्के. म्हणजे बहुतेकांना उतार पडतो, पण जादू होत नाही. आपल्यासाठी त्यातली महत्त्वाची बाब वेगळीच आहे. ही थेरपी देणारे मुरलेले तज्ज्ञ नव्हते. थोडक्या प्रशिक्षणानंतर परिचारिकांनीही ती दिली आणि त्यांचे निकाल सगळ्यांत चांगले आले. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या जिल्ह्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

त्रास तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल, तर एसएसआरआय गटातली औषधं उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करायची नसतात. ‘घबराट झाली की घ्या’ अशा झोपेच्या जातीच्या गोळ्यांबाबत मात्र सावध राहायला हवं. त्यांची सवय लागू शकते, शिवाय खिशातली गोळी हाही एक दिलासाच होऊन बसतो.

घरच्यांनी काय म्हणायचं?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘दिलासा देऊ नका’ हे ऐकून कुणी एका सकाळी तोंड फिरवलं, तर तो उपचार होत नाही, ती शिक्षा होते. आधी शांत वेळी एकत्र बसून ठरवावं लागतं आणि शक्यतो थेरपिस्टसमोर. रुग्णाने स्वतः म्हणायला हवं की ‘मी विचारलं तर उत्तर देऊ नका.’ त्यानंतर पुन्हा हाक आली की उत्तर असं असू शकतं, ‘तुम्हाला भीती वाटतेय ते दिसतंय मला. पण आपलं ठरलंय ना, गाठीचं मी काही सांगणार नाही. या, पाणी शिंपायला जाऊ दोघं.’ भीतीची दखल घ्यायची, प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही आणि सोबत सोडायची नाही.

माहिती आणि दिलासा यांतला फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे. या उत्तरातून नवीन काही कळणार आहे का? पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ही माहिती. विसाव्यांदा दिलेलं तेच उत्तर म्हणजे दिलासा. पहिले काही दिवस विचारणं वाढतंही. नेहमीची वाट बंद झाली की माणूस मुंबईतल्या भावाला, ओळखीच्या केमिस्टला, भाचीच्या डॉक्टर मैत्रिणीला फोन लावतो. म्हणून जे ठरलंय ते या सगळ्यांपर्यंत पोचलेलं असावं. एकानेही नकळत उत्तर दिलं की चक्र पुन्हा फिरतं.

डॉक्टरांच्या बाजूने सर्वांत उपयोगी ठरते ती एक शिस्त. एकच फॅमिली डॉक्टर आणि ठरलेल्या अंतराने भेट, समजा महिन्यातून एकदा, लक्षण असो वा नसो. भेट भीतीशी न जोडता तारखेशी जोडली की घाईघाईच्या फेऱ्या कमी होतात. तो डॉक्टर माणसाला ओळखत असल्याने खरा बदल झाला तर तोही त्याच्या लवकर लक्षात येतो.

कारण आरोग्यचिंता असलेल्या माणसालाही खरे आजार होतातच. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दम लागणं, रक्त पडणं, यात थांबून बघायचं नसतं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसच्या शक्यतेमुळे त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. कोणत्या लक्षणाला लगेच जायचं आणि कोणत्याला पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं, याची यादी डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्यावी. त्यानंतर निर्णय भीतीने घ्यायचा नाही, यादीने घ्यायचा.

रत्नागिरीत कुठे जायचं?

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. आपल्याच शहरातल्या या रुग्णालयाचं नाव कोकणात अजूनही थट्टेत घेतलं जातं आणि त्या थट्टेपायी छातीच्या डॉक्टरकडे दहा वेळा जाणारा माणूस तिथे एकदाही जात नाही. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखल न होता सल्ला आणि औषधं घेऊन घरी परतता येतं. जिल्हा शासकीय रुग्णालयातही विचारणा करता येईल. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. जगणं नको झालं, असे विचार येत असतील तर वेळ न घालवता हाच क्रमांक लावावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं.

फोन करताना किंवा डॉक्टरांसमोर बसल्यावर सुरुवात कशी करावी, हा अनेकांचा प्रश्न असतो. ‘माझ्या मानेत गाठ आहे’ हे वाक्य आजवर बऱ्याच डॉक्टरांना सांगून झालेलं असतं. या वेळी ‘मला आजाराची भीती सोडत नाही, दिवसातले तीन-चार तास त्यात जातात’ असं सांगून पाहावं. डॉक्टर कुठला उपचार सुचवतील, हे बरंचसं या वाक्यावर ठरतं.